सोलापूरच्या गच्चीवरचं अडेनियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांतून अडेनियम या फुगीर बुंध्याच्या फुलझाडाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पुण्या-मुंबईच्या हवेसाठी दिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिकडे ऊन मिळवायची धडपड असते, आपल्याकडे ते उदंड आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: सोलापुरात अडेनियम उन्हानं क्वचितच मरतं, बहुतेक वेळा ते पाण्यानं मरतं. पुढची निम्मी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

१. अडेनियम हा निवडुंगाचा प्रकार आहे का?

नाही. ते कण्हेर, देवचाफा, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातलं झाड आहे. फांदी मोडली की चीक येतो, तो याच कुळाचा. मूळ घर अरबस्तानाचा दक्षिण भाग आणि आफ्रिकेतला सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा. येमेनमध्ये फिरून वनस्पती गोळा करणाऱ्या फोर्सकोल या अभ्यासकाच्या १७७५ साली छापलेल्या ग्रंथात याला चक्क कण्हेरीच्या गटात टाकलं होतं, इतकी फुलं सारखी दिसतात. 'डेझर्ट रोझ' या नावानं विकलं जात असलं तरी गुलाबाशी याचं काही नातं नाही.

बुंधा फुगतो, त्याला नर्सरीत कंद किंवा कॉडेक्स म्हणतात. पाण्याचा साठा तिथे आणि जाड मुळांत असतो. म्हणूनच पाणी तुटलं तरी झाड तगतं, आणि पाणी साचलं की तिथूनच सडायला लागतं.

२. नर्सरीत ओबेसम, अरेबिकम अशी नावं सांगतात. कोणतं घ्यावं?

फुलं हवी असतील तर ओबेसम आणि त्याचे संकर. लाल, गुलाबी, पांढरा, जवळजवळ काळपट, दुहेरी पाकळ्यांचे असे सगळे रंग यात मिळतात. बुंध्याचा देखणा घेर आणि बोन्सायसारखी ठेवण हवी असेल तर अरेबिकम. त्याला फांद्या भरपूर येतात, फुलं गुलाबी आणि बेताची असतात.

घेताना फुलाआधी बुंधा बघा. अंगठ्यानं चारही बाजूंनी हलकेच दाबा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर उचला. एखाद्या ठिकाणी अंगठा आत जात असेल तर कितीही फुलं असोत, सोडून द्या.

३. मे महिन्यात गच्ची तापते. झाड जळणार नाही का?

रुजलेलं, वर्षा-दीड वर्षाचं झाड ४२-४३ अंशांतही उघड्यावर राहतं. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन त्याला हवंच असतं. त्रास होतो तो तापलेल्या स्लॅबचा. काळी प्लास्टिकची कुंडी थेट स्लॅबवर असेल तर आतली मुळं भाजून निघतात. कुंडी दोन विटांवर ठेवा, खालून वारा खेळू द्या, एवढ्यानं फार फरक पडतो. छोटी रोपं, नुकतीच कुंडी बदललेली झाडं आणि नवीन कलमं एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली असावीत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बुंध्याची जी बाजू कायम सावलीत होती ती अचानक पश्चिमेच्या उन्हाकडे फिरवली तर साल भाजते, तिथे पांढुरका, मग तपकिरी डाग पडतो आणि पुढे तो सडूही शकतो. कुंडी हलवताना दक्षिणेकडच्या काठावर खडूनं खूण करून ठेवा आणि त्याच दिशेला ठेवा. फिरवायचीच असेल तर पावसाळी ढगांच्या दिवसांत थोडी थोडी फिरवा.

४. शेतातली काळी माती वापरली तर चालेल का? आमच्याकडे तीच आहे.

नको. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, कारण काळी माती चांगली म्हणून आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ज्वारीला ती चांगलीच आहे. पावसाचं पाणी धरून ठेवते म्हणून तर रब्बीची ज्वारी तिच्या ओलीवर निघते. पण नेमका हाच गुण अडेनियमला मारक ठरतो. कुंडीत ती आठवडाभर ओली राहते, मग वाळून आक्रसते, कुंडीच्या कडेनं भेग पडते आणि पुढचं पाणी मुळांना न भिजवता त्या भेगेतून खाली निघून जातं. म्हणजे आधी अति ओल, नंतर खोटी ओल.

मिश्रणाचं सूत्र एकच: वरून पाणी ओतलं की काही सेकंदांत खालून वाहायला हवं. मी साधारण दोन भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक भाग जाड वाळू किंवा धुतलेली बारीक खडी, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेते. त्यात मूठभर निंबोळी पेंड. विटांचे तुकडे चाळून घ्या. चाळणीखाली पडणारी भुकटी वापरू नका, ती ओली झाली की चिखलच होतो. क्रशरची कच घेत असाल तर तीही धुवून भुकटी काढून टाका. मुरूम चालतो, पण चाळलेला.

नर्सरीतून आणलेलं झाड बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते पावसाळ्याआधी झटकून वरच्या मिश्रणात लावा. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत बोटभर खाली ओलं असतं, त्यामुळे पाण्याचा अंदाज चुकतो.

५. कुंडी कशी आणि केवढी हवी?

उथळ आणि पसरट. बुंध्याच्या घेरापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जागा पुरे. मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती ओली राहते आणि झाड सडतं. खाली भोकं भरपूर हवीत. सोलापुरात मातीची कुंडी लवकर सुकते, ते या झाडाच्या फायद्याचंच आहे. फक्त भर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या वाढवाव्या लागतात. खाली बशी ठेवू नका.

६. पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजून नव्हे, माती बघून. बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं की भरपूर पाणी, खालून वाहेपर्यंत. ओलं लागलं तर काही करू नका. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यांत वाईट.

तरी आपल्याकडचा ढोबळ अंदाज देते. मार्च ते मे, माती भराभर सुकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांआड, तेही सकाळी किंवा सूर्य कलल्यावर. दुपारी बारा वाजता टाकीतलं तापलेलं पाणी घालू नका. घरात नळाला रोज पाणी येत नसेल तर चिंता करू नका, हे झाड त्या वेळापत्रकात सहज बसतं. जून ते ऑगस्ट, पाऊस पडला तर काही नाही, उघडीप लांबली तर आठवड्यातून एकदा. डिसेंबर-जानेवारीत दहा-पंधरा दिवसांतून एकदा, पानं गळली असतील तर त्याहून कमी.

सप्टेंबर वेगळा. आपला पाऊस मुळात कमी, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. जून-जुलैतल्या भुरभुरीत झाड छान राहिलं म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि गणपती ते दसरा या काळात झडीचे तीन-चार दिवस लागले की बुंधा जातो. सप्टेंबर लागला की मोठी आणि आवडती झाडं पत्र्याखाली किंवा पॅरापेटच्या आडोशाला घ्या. एवढं एक काम केलं तरी बरीच झाडं वाचतात.

७. बोअरचं पाणी चालतं का? कुंडीवर पांढरा थर येतो.

चालतं, पण त्याचे परिणाम साचत जातात. पांढरा थर म्हणजे क्षार. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर समजा की क्षारांमुळे झाडाला लोह मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणारं) मिळतं, ते पाकिटावरच्या मात्रेनं द्या. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवता आलं तर उत्तम. पहिल्या दोन जोरदार सरींत झाडं मुद्दाम उघड्यावर ठेवा, कुंडीतले क्षार धुवून निघतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. एसीचं पाणी चालतं.

८. बुंधा मऊ लागतोय. मेलं का?

आधी दोन प्रकार ओळखा. संपूर्ण बुंधा थोडा सैल, सुरकुतलेला, पण दाबल्यावर फुटत नाही, वास नाही आणि माती ठणठणीत कोरडी, तर झाड तहानलेलं आहे. भरपूर पाणी घाला, काही दिवसांत ते पुन्हा टणक होतं.

एकाच बाजूला मऊ, दाबलं की पाणी सुटतं, रंग काळपट, आंबूस वास आणि माती ओली, तर ती सड आहे. तेव्हा एक दिवसही थांबू नका. झाड उपटा, मुळं धुवा आणि हातमोजे घालून कामाला लागा (कारणासाठी प्रश्न १६). धारदार सुरी स्पिरिटनं पुसून सडलेला भाग कापा. निरोगी गर पांढरट, कच्च्या मुळ्यासारखा दिसतो. तपकिरी रंगाचा एक ठिपका, एक रेघ जरी उरली तरी अजून कापा, आणि प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसा. इथे हात आखडता घेणं महागात पडतं, कारण त्या ठिपक्यातूनच सड परत चढते. निम्मा बुंधा गेला तरी झाड जगू शकतं.

कापलेल्या जागेवर बुरशीनाशकाची पेस्ट लावा, मॅन्कोझेब किंवा कार्बेन्डाझिम. घरात काही नसेल तर तात्पुरती हळद. मग झाड सावलीत, वाऱ्याच्या जागी, दोरीनं उलटं किंवा आडवं टांगून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत जखमेवर कडक पापुद्रा धरतो, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. त्यानंतर कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आणखी आठवड्यानं.

९. डिसेंबरमध्ये पानं पिवळी पडून सगळी गळली. खत देऊ का?

नको. थंडीत ते विश्रांती घेतं. सोलापूरची थंडी याला मारण्याइतकी नसते, पारा क्वचितच १० अंशांच्या खाली जातो. पण रात्री गार होऊ लागल्या की बरीच झाडं पानं टाकतात, काही टाकत नाहीत. दोन्ही ठीक आहे. बुंधा टणक आहे ना एवढं बघा, पाणी तोडा आणि फेब्रुवारीची वाट पाहा. पावसाळ्यात पानं पिवळी पडत असतील तर मात्र कारण वेगळं असतं, प्रश्न ८ प्रमाणे बुंधा तपासा.

१०. पानं भरपूर आहेत, फुलं येत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा ऊन कमी पडतं किंवा युरिया जास्त होतो. पण आपल्या भागातल्या लोकांना याचं खरं उत्तर आधीच माहीत असतं. डाळिंबाचा बहार कसा धरतात? बागेचं पाणी तोडून ताण देतात, पानगळ होते, मग हलकी छाटणी, खत आणि पाणी. अडेनियमलाही हाच क्रम लागू पडतो. डिसेंबर-जानेवारीत ताण, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकून फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की छाटणी, कुंडीबदल आणि खत, त्यानंतर नियमित पाणी. कळ्या फांदीच्या शेंड्याला येतात. एक फांदी छाटली की खालून दोन-तीन फुटतात, म्हणजे तेवढे शेंडे वाढतात. फेब्रुवारीत छाटलेलं झाड एप्रिल-मेमध्ये, गच्चीवर दुसरं काही फुलत नसतं तेव्हा, फुलांनी भरतं. वर्षभर सारखं पाणी मिळालेल्या झाडाला हा बहार असा एकदम येत नाही.

११. छाटणी नेमकी कशी करायची?

प्रत्येक फांदी तिच्या बुडापासून तीन-चार इंच ठेवून तिरकी कापा, म्हणजे कापावर पाणी थांबत नाही. चीक पुसून बुरशीनाशक लावा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका. सगळी झाडं एकाच दिवशी छाटली तर फुलंही एकदम येतात. पुढे-मागे हवी असतील तर पंधरा दिवसांच्या अंतरानं छाटा. जून ते ऑक्टोबर कात्री लावू नका, ओल्या हवेत काप सडतो.

१२. खत कोणतं?

छाटणीनंतर पालवी फुटेपर्यंत १९:१९:१९, कळ्या दिसू लागल्या की ०:५२:३४ (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण). डाळिंब-द्राक्षवाल्यांमुळे ही विद्राव्य खतं आपल्याकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीतच. थंडीत आणि सप्टेंबरच्या झडीत खत बंद.

१३. शेंगा आल्या आहेत. बी लावता येईल का?

नक्की लावा, यासारखा आनंद नाही. शेंगा जोडीनं येतात, दोन शिंगांसारख्या, आणि पिकायला दोन-तीन महिने घेतात. पिकत आल्या की दोऱ्यानं सैल बांधा किंवा जाळीची पिशवी घाला. बीच्या दोन्ही टोकांना रेशमी केस असतात. शेंग उकलल्यावर वारा आला की सगळं बी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातं.

ताजं बी पटकन उगवतं, जुनं होईल तसं उगवण घटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकोपीट आणि बारीक वाळूच्या मिश्रणावर बी आडवं ठेवा, वर अगदी पातळ थर द्या, फवाऱ्यानं ओल ठेवा. आठवडाभरात कोंब दिसतात आणि तेव्हाच त्यांचा बुंधा बाळसेदार असतो. चार-सहा पानं येईपर्यंत जाळीखाली ठेवा. साधारण वर्ष-दीड वर्षात पहिलं फूल.

बीपासून आईचाच रंग येईल याची खात्री नसते. ऑनलाइन 'निळं' किंवा इंद्रधनुषी फुलांचं अडेनियमचं बी दिसलं तर घेऊ नका, निळं अडेनियम नसतं. ठरावीक रंग हवा असेल तर कलमच घ्या.

१४. छाटलेल्या फांद्या लावल्या तर जगतील का?

जगतात. चीक सुकू द्या, आठवडाभर सावलीत ठेवा, मग कोरडसर वाळूत लावा. पण फांदीपासून झालेल्या झाडाचा बुंधा बीच्या झाडासारखा गोल, भरदार होत नाही, जाड मुळं सुटतात आणि खोड सरळसोट राहतं. त्या फांद्यांचा चांगला उपयोग म्हणजे बीपासून वाढवलेल्या रोपावर कलम. पूर्वी कण्हेरीच्या खोडावरही अडेनियमचं कलम करत. ते जोमानं वाढतं, पण फुगीर बुंध्याची मजा जाते.

१५. पिवळे किडे आणि हिरवी मोठी अळी दिसते. उपाय?

कोवळ्या शेंड्यांवरचे पिवळे किडे म्हणजे मावा, कण्हेरीवर असतो तोच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झाडा, नंतर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, साबणाच्या चार थेंबांसह, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. उन्हाळ्यात पानं धुरकट होऊन मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे. तो कोरड्या हवेत वाढतो, पानांची मागची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्यानं धुवा.

बोटाएवढी जाड, हिरवी आणि डोक्याशी निळसर डोळ्यासारखे दोन ठिपके असलेली अळी ही एका देखण्या हिरव्या पतंगाची पिल्लावळ. कण्हेर आणि तगरीवरही ती येते. दोन रात्रींत झाड बोडकं करते, पण बुंध्याला काही करत नाही. औषध फवारण्यापेक्षा उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडा. अळी सापडत नसेल तर पानांखालची काळी लेंडी शोधा, अळी बरोबर तिच्या वरच्या फांदीवर असते.

१६. झाड विषारी आहे म्हणतात. घरात लहान मुलं, दारात शेळ्या आहेत.

खरं आहे. चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेच्या काही भागांत बाणांना लावायचं विष यापासून करत. म्हणून घाबरून झाड टाकून द्यायचं कारण नाही, कण्हेरही तितकीच विषारी आहे आणि ती घरोघरी दारात असते. पण काम करताना हातमोजे, डोळ्यांना हात नाही, नंतर साबणानं हात धुणं हे पाळाच. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर किंवा रस्त्याकडेला टाकू नका, जनावरं तोंड घालतात. मुलानं पान चावल्याचा नुसता संशय असला तरी घरगुती उपाय करत बसू नका, पान सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

१७. मग फुलं देवाला वाहिली तर चालतात का?

वाहायला हरकत नाही, कण्हेर वाहतोच की. फक्त तीर्थात, पंचामृतात किंवा प्रसादाच्या ताटात ती फुलं पडू देऊ नका आणि निर्माल्य गाईला घालू नका.

१८. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावाला जायचं आहे.

निघायच्या दिवशी कुंड्या खालून पाणी वाहेपर्यंत भिजवा आणि पूर्वेच्या भिंतीशी, सकाळचं ऊन मिळेल अशा ठिकाणी एकमेकींना खेटून ठेवा. परत आल्यावर पानं गळालेली आणि बुंधा थोडा सैल दिसेल. एकदम खत देऊ नका, पाणी द्या, पालवी फुटेल. एक वर्षाच्या आतली रोपं मात्र शेजाऱ्यांकडे सोपवा.

१९. जमिनीत लावलं तर चालेल का?

काळ्या जमिनीत नाही. मुरूम आणि खडी भरून फूट-दीड फूट उंच ओटा केला तर चालतं आणि बुंधा कुंडीपेक्षा कितीतरी मोठा होतो. ओट्याला उतार हवा.

२०. मुळं वर दिसणारी, बोन्सायसारखी ठेवण कशी आणायची?

दर फेब्रुवारीत कुंडी बदलताना झाड इंच-दीड इंच वर उचलून लावा. खाली सरळ जाणारी बारीक मुळं कापा, आडवी जाणारी जाड मुळं ठेवा. ती कुंडीतल्या एका पसरट फरशीवर पसरवून लावली की आडवीच वाढतात. उघडी पडलेली मुळं पहिले दोन-तीन आठवडे उन्हापासून जपा, त्यांची साल कोवळी असते आणि प्रश्न ३ मधला डाग इथे फार लवकर पडतो. एकदम सगळी मुळं उघडी केली तर झाड कोलमडतं आणि वाढही थांबते.

२१. कलमी झाडाला आधी दुहेरी लाल फुलं यायची, आता साधी गुलाबी येतात. रंग बदलला का?

रंग बदलत नाही, झाड बदललं आहे. कलमाच्या जोडाखालून मूळ रोपाचे फुटवे आले आणि ते जोमदार असल्यामुळे त्यांनी वरच्या कलमाचं अन्न खाल्लं. बुंध्यावर जोडाची गाठ शोधा. तिच्याखालून निघालेली प्रत्येक फांदी मुळाशी कापा आणि पुढेही नखानं खुडत राहा. वरची कलमाची फांदी अजून जिवंत असेल तर एका हंगामात ती सावरते. ती वाळली असेल तर मूळ झाड तसंच वाढू द्या, किंवा फेब्रुवारीत त्यावर नवी कलमं बांधा.

२२. दुहेरी पाकळ्यांच्या कळ्या मोठ्या होतात आणि न उमलताच गळतात. एकेरी फुलांना असं होत नाही.

दुहेरी आणि तिहेरी फुलांच्या कळीत पाकळ्यांचे थर दाट असतात. पावसाचं किंवा फवाऱ्याचं पाणी आत अडकलं की कळी आतून कुजते. एकेरी फुलात ते निथळून जातं. अशा जातींना जूनपासूनच आडोसा द्या आणि पाणी फक्त मातीत घाला. कोरड्या दिवसांतही गळत असतील तर कळी उभी चिरून बघा. आत बारीक, सुईच्या टोकाएवढे सरपटणारे किडे दिसले तर ते फुलकिडे. निंबोळी तेल कळ्या मुगाएवढ्या असतानाच फवारा, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. कळी फुगल्यावर फवारून आतपर्यंत औषध पोहोचत नाही.